जवाईबुवांना न सांगता बांधलेला मांडव

मी मांडव बोलतोय. लग्नाचा मांडव नव्हे. तो चार दिवस मिरवतो आणि मग त्याचे बांबू दुसऱ्याच्या दारात जातात. मी कायमचा आहे. वर्ध्याला लागून पिपरी मेघे आहे, तिथे आनंदरावांच्या घरामागच्या अंगणात मी सागवानी खांबांवर उभा आहे. माझ्या पायाशी फळ्यांचा ओटा आहे, तोही मीच. घरचा मुलगा नीलेश मला 'पर्गोला' म्हणतो आणि ओट्याला 'डेक'. मी दोन्ही नावांना ओ देतो, पण मनातून मला मांडवच आवडतं.

दिसायला मी चांगला आहे. हे आपण आपल्या तोंडाने सांगू नये, पण या घरात कौतुक करायला कोणाला वेळ नसतो, म्हणून सांगून टाकलं. माझे खांब सरळ आहेत, फळ्या गुळगुळीत आहेत, आणि संध्याकाळी माझ्या पट्ट्यांची सावली ओट्यावर पडते तेव्हा समोरची मांजरसुद्धा तिच्यात येऊन लोळते. पण मी पुरता उभा राहण्याआधीच माझ्यापायी या घरच्या लेकीचं माहेरी येणं अडलं होतं. ती हकिकत सांगितल्याशिवाय माझं आत्मवृत्त पुरं होत नाही.

माझी सुरुवात झाली एका फोनपासून. आनंदरावांची लेक मंजुषा तळेगावला दिली आहे, श्यामजी पंताच्या तळेगावला. तिचं पहिलंच बाळंतपण. ते माहेरी व्हायचं हे ठरलेलं, आणि सावंगीचा मोठा दवाखानाही पिपरीहून जवळच. ऐन उन्हाळ्याचे दिवस येणार होते. फोनवर ती आईला म्हणाली, "माय, मी येतो, पण मले खोलीत कोंडून नको ठेवजो. कूलरच्या आवाजानं डोकं उठते. मागं हवेत बसाले जागा कर."

अनुसयाबाईंनी फोन ठेवला आणि मागचं दार उघडून अंगणाकडे पाहिलं. धुण्याचा दगड, एक तुळस, आणि दारातून खाली उतरायला उंच उंच पायऱ्या. "जड अंगानं माही लेक पायऱ्या कशी उतरन?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग दाराच्या पातळीला ओटा हवा, ओट्यावर सावली हवी, असं करत करत जेवणाच्या ताटावर माझं बोलणं निघालं.

नीलेशने मोबाइलवर फोटो दाखवले. कुठल्या कुठल्या देशांतल्या घरांमागचे लाकडी डेक, त्यावर खांब, खांबांवर नुसत्या पट्ट्या. आनंदरावांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. त्यांचं वर्ध्याच्या बाजारात भांड्यांचं दुकान आहे. वस्तू ठोकून, वाजवून घ्यायची सवय.

"वरून मोकळंच हाय हे तं," ते म्हणाले. "वर्ध्याच्या उन्हाले चाळणी लावून का होते?"

"बाबा, स्टाइल असते ती. वर वेल चढवतात."

"अन् लाकडाखाली विंचू-काटा बसला तं? पोट्टी बाळाले घेऊन बसन तिथं!"

बाप-लेकाचं हे चार दिवस चाललं. शेवटी असं ठरलं, की पट्ट्या नीलेशच्या म्हणण्यासारख्या ठेवायच्या, ओट्याखालची पोकळी आनंदरावांच्या म्हणण्याप्रमाणे विटांनी बंद करायची, आणि वेल अनुसयाबाईंच्या मर्जीचा. त्यांनी सगळ्यात शेवटी बोलून सगळ्यात मोठा वाटा घेतला.

आता प्रश्न होता, काम द्यायचं कोणाला? घरातल्या तिघांच्याही जिभेवर एकच नाव होतं आणि तिघंही ते गिळत होते. ते नाव अंकुशरावांचं, म्हणजे मंजुषाच्या नवऱ्याचं. तळेगावात त्यांचं फर्निचरचं दुकान. लाकडाच्या कामाला आर्वीपासून कारंज्यापर्यंत लोक त्यांच्याकडे येतात.

मग त्यांनाच का सांगितलं नाही, असं तुम्ही विचाराल. आमच्याकडे जावई म्हणजे काय असतो ते तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगतो. तो दारात आला की बसलेली माणसं उठतात. त्याच्या पायावर पाणी घालतात आणि पिकल्या केसांचा सासरा वाकून त्याच्या पाया पडतो. सासू डोक्यावर पदर घेऊन 'अजून एक पोळी घ्या' यापलीकडे त्याच्याशी बोलत नाही. जावयाने पाण्याचा रिकामा ग्लास स्वतः उचलून ठेवला तरी घराला ओशाळल्यासारखं होतं. अशा माणसाच्या हातात करवत कोण देणार? आणि त्याचा धंदाच लाकडाचा असताना त्याला डावलून दुसऱ्याला बोलावणं, तेही वाईटच. इकडे आड, तिकडे विहीर.

आनंदरावांनी यावर तोड काढली. "जवाईबुवाच्या कानावरच जाऊ द्याचं नाई. मंजूले बी सांगू नका. पुरा झाला का म्हणू, अचानक ठरलं, मानूस भेटला, करून टाकलं."

असा माझा पायाच लपवाछपवीवर घातला गेला. नंतर वर्ध्याचा मुकेश नावाचा ठेकेदार ठरला. कामाचा चोख, बोलायला मोकळा आणि सतत फोन कानाला. जावयाबद्दल त्याला कोणी अवाक्षर सांगितलं नाही.

इकडे हे ठरत होतं तेव्हा मी कुठे होतो? हसू नका, मी तळेगावात अंकुशरावांच्याच दुकानात भिंतीला टेकून उभा होतो. मुकेश दरवाज्यांच्या चौकटींसाठी वर्षानुवर्षं तिथूनच लाकूड नेत होता. माझ्यासाठीही तो तिथेच आला. त्याने सागाच्या ढिगातले काही खांब बाजूला काढले आणि गप्पा मारत म्हणाला, "बरं काम भेटलं अंकुशभाऊ. पिपरीले घरामागं मांडव अन् ओटा कराचा हाय. बर्तनवाले आनंदराव हायेत ना, त्यायच्या इथं. लेक बाळंतपणाले येऊन राह्यली म्हणते, तिच्यासाठी."

अंकुशरावांचा हात तेव्हा माझ्यावर होता. तो तिथल्या तिथे थांबला. मला वाटलं, आता हे म्हणणार, 'अरे, ते तर माझंच सासर.'  पण मुकेशने काढलेले खांब त्यांनी परत ढिगात टाकले आणि भिंतीला टेकलेले, एकही गाठ नसलेले खांब, म्हणजे मी, पुढे ओढले. "हे ने," एवढंच म्हणाले. दुकानात मशीन आहे, कामाला माणसं आहेत, तरी दिवसभर त्यांनी स्वतः माझ्यावर रंधा मारला.

मी टेम्पोत चढलो तेव्हा ते जवळ आले. माझ्या अंगावरचा भुसा हाताने झाडला आणि हळूच म्हणाले, "जाय बापा. तुले तं आत घेतील."

मी लाकूड. मी काय उत्तर देणार? पण मला फार वाईट वाटलं. लग्नाला चार वर्षं झाली होती. इतक्या वेळा ते पिपरीला आले, पाटवडीचा रस्सा खाल्ला, आमरस खाल्ला, टॉवेल टाकलेल्या खुर्चीवर ताठ बसून राहिले आणि परत गेले. त्या घरातला एक खिळासुद्धा त्यांना कोणी ठोकू दिला नव्हता. मान भरपूर मिळाला, पण हे घर आपलं आहे असं त्यांना कोणी वाटू दिलं नाही.

पिपरीत माझं काम सुरू झालं. तिथली काळी माती मोठी लहरी, उन्हात भेगाळते आणि पाण्यात फुगते. मुकेशने खोल खड्डे घेतले आणि माझे पाय सिमेंटात पक्के रोवले. मग ओट्याच्या फळ्या बसल्या. मंजुषाचा फोन आला की अनुसयाबाई मागच्या दारात येऊन हात हलवायच्या आणि ड्रिल बंद व्हायचं. मुकेशची माणसं होती तशी पुतळ्यागत उभी राहायची.

एकदा मात्र ड्रिल थांबायला उशीर झाला.

"माय, कायचा आवाज येऊन राह्यला?"

"शेजारी सुंदराबाईकडं काम सुरू हाय वो."

सुंदराबाई कुंपणाच्या भिंतीपलीकडे तूर पाखडत बसल्या होत्या. त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "माझ्याकडं? माझ्याकडं कायचं काम?" अनुसयाबाईंनी घाईघाईने फोनवर हात ठेवला. मला त्या वेळी फार हसू आलं होतं, हे कबूल करतो.

माझ्या वरच्या पट्ट्या तेवढ्या लावायच्या राहिल्या होत्या. लेकीला आणायला कधी यावं, हे विचारायला आनंदरावांनी तळेगावला फोन केला. अंकुशराव अगदी आदराने बोलले. आमच्याकडे जावई सासऱ्यांना मामाजी आणि सासूला मामी म्हणतो. "मामाजी, आता दिवस भरत आले. रस्त्यानं हादरे बसतात. मंजूले इथंच राहू द्या. आर्वीले बी डॉक्टर चांगले हायेत."

एक शब्द वाकडा नव्हता, म्हणून भांडताही येईना. आनंदराव 'हाव जी, हाव जी' म्हणत राहिले आणि फोन ठेवल्यावर त्यांनी ते बोलणं जसंच्या तसं अनुसयाबाईंना सांगितलं.

अनुसयाबाई बाहेर आल्या. माझ्या ओट्यावर बसल्या आणि फळीवरून तळहात फिरवत राहिल्या. "तिच्यासाठीच केला ना रे तुले," त्या म्हणाल्या. हे त्या मलाच म्हणाल्या, दुसरं कोणी नव्हतं तिथे. ज्या माणसासाठी आपल्याला बांधलं ते माणूसच येणार नसेल, तर नुसतं सरळ उभं राहण्यात काय अर्थ आहे? त्या दुपारी माझी सगळी ऐट उतरली.

दुसऱ्या दिवशी मुकेश कामावर आला, तर घरात सगळ्यांचे चेहरे पडलेले. त्याला वाटलं, कामात काही खोट निघाली. तो माझ्या खांबावर थाप मारून म्हणाला, "काकू, उदास काऊन? लाकूड पाहा ना काय हाय! तळेगावच्या अंकुशभाऊच्या दुकानातलं. तुमच्या घरी चाल्लं म्हणून सांगतलं, तं त्या मानसानं दिवसभर सोता रंधा मारून देल्ला."

आनंदराव पायरीवर होते तिथेच खाली बसले. नीलेशने वडिलांकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे.

"काय झालं जी?" मुकेश गोंधळला.

"ते आमचे जवाई हायेत," अनुसयाबाई म्हणाल्या.

मुकेशने जीभ चावली आणि पहिल्यांदाच खिशात वाजणारा फोन उचलला नाही.

मग आनंदराव एकदम उठले. "आत्ताच निघतो. नवे कपडे घेतो, मिठाई घेतो, आंगठी घेतो. जवाई रुसला हाय, त्याचा मान केला पायजे. पाय धरीन त्याचे."

"अजून मान?" अनुसयाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एवढा चढलेला मी आधी कधी ऐकला नव्हता. "पाहुणा केला म्हणून तं त्याईले लागलं, अन् तुमी अजून पाहुणा कराले चाल्ले!"

"मंग काय काम सांगू जवायाले? माझ्या बापानं माझ्या बहिणीच्या नवऱ्याले कधी पाण्याची बादली उचलू देल्ली नाई."

"अन् ते जवाई वर्साकाठी एकदा येत. हात धुतले का जात. तुमची बहीण त्यायच्यामागं निघता निघता दारात थांबून मागं पाहे. तसंच पायजे काय तुमाले मंजूचं?"

 आनंदरावांना ती बहीण आठवली असावी. ते बराच वेळ माझ्या खांबाला टेकून उभे होते आणि त्यांचा श्वास मला जाणवत होता.

अनुसयाबाई मुकेशला म्हणाल्या, "भाऊ, वरच्या पट्ट्या लावू नको. थांब." मग त्यांनी नीलेशकडून स्पीकरवर फोन लावून घेतला. तळेगावला रिंग वाजत होती तेव्हा त्यांनी डोक्यावर पदर ओढला. फोनवर कोण पाहतं? पण जावयाशी बोलायचं म्हणजे पदर हवाच. चार वर्षांत आपण होऊन त्या जावयाशी पहिल्यांदा बोलणार होत्या.

"जवाईबुवा, मी मंजूची माय बोलून राह्यली. मागं मांडव केला आमी. तुमाले नाई सांगतलं. चुकलंच आमचं." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "त्याच्या वरच्या पट्ट्या राह्यल्या हायेत. तुमच्या हातानं लावून द्याल काय? काम हाय म्हणून बोलावून राह्यली. पाहुणा म्हणून नाई."

पलीकडे दुकानातलं मशीन बंद झाल्याचं ऐकू आलं. आनंदरावांनी डोळे मिटून घेतले होते. मग अंकुशरावांचा आवाज आला. "मामी, पट्ट्यात अंतर किती ठेवून राह्यले?"

"मले काय समजते त्यातलं? तुमी या अन् पाहा."

"येतो. अन् मुकेशले म्हणा, हात लावू नको आता."

फोन ठेवल्यावर अनुसयाबाई आत गेल्या आणि त्यांनी उगाचच चहाची तीच भांडी दोनदा घासली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली. आधी अवजारांची पेटी उतरली, मग उशीचा आधार घेत मंजुषा उतरली. घरातून चालत मागच्या दारापर्यंत आली, आणि एकही पायरी न उतरता सरळ माझ्यावर येऊन उभी राहिली. तिचं ते जड, सावकाश पाऊल मला फार आवडलं. तिने आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं. दोघी रडल्या आणि लगेच हसल्यासुद्धा.

अंकुशराव मागोमाग आले. आनंदराव तांब्या घेऊन तयारच होते. त्यांनी जावयाच्या पायावर पाणी घातलं आणि रीतीप्रमाणे ते वाकले. अंकुशरावांनी त्यांना दोन्ही खांद्यांना धरून वर उठवलं आणि कोपऱ्यात पडलेली एक लांब पट्टी त्यांच्या हातात दिली.

"पाय राहू द्या मामाजी. हे टोक धरा."

आनंदरावांनी टोक धरलं. जन्मभर पितळेची भांडी तोलणारा माणूस, लाकूड धरणं त्यांना जमेना. शिडीवरून अंकुशराव ओरडले, "सरळ धरा ना मामाजी! तिकडं नाई, इकडं! हाव, असं!" आनंदरावांवर त्या घरात कोणी ओरडत नाही. त्यांनी निमूटपणे पट्टी सरळ धरली, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. मुकेश आणि अंकुशराव मधल्या अंतरावरून भांडले, मग एक चहा अर्धा अर्धा प्यायले.

भिंतीवरून सुंदराबाई डोकावल्या. "अगं बाई! आनंदराव, जवायाले कामाले लावलं काय?"

"कामाले मी लागलो हाय," आनंदराव म्हणाले. "दिसत नाई काय?"

संध्याकाळी मंजुषा माझ्यावर पाय लांब करून बसली आणि तिने आईला तळेगावची बाजू सांगितली. "मी म्हटलं त्याईले, राग आला तं बोलून टाका. तं म्हणे, मी कसा म्हणू, मले काम सांगा म्हणून? लाज नाई वाटत काय?"  अनुसयाबाईंनी लेकीच्या पायाला तेल लावायला घेतलं.

पुढे सगळं नीट झालं. सावंगीच्या दवाखान्यात मंजुषाला मुलगी झाली. बारसं व्हायचं आहे, तोवर मामा झालेला नीलेश तिला स्वीटी म्हणतो. सध्या वेल माझ्या गुडघ्यापर्यंतच चढलाय, म्हणून उन्हासाठी माझ्या डोक्यावर हिरवी जाळी टाकलीय. नीलेशच्या फोटोतल्या एकाही पर्गोल्यावर तसली जाळी नव्हती आणि मला ती मुळीच शोभत नाही. पण तिच्याखाली बाळ झोपतं, म्हणून मी तक्रार करत नाही.

अंकुशराव दर रविवारी येतात. कालही आले. चप्पल काढून सरळ मागे आले आणि बाळाला घेऊन माझ्या ओट्यावर बसले. आनंदराव पेपर वाचत होते. त्यांनी मान वर करून "आले काय" म्हटलं आणि पान उलटलं. ते उठले नाहीत. तेवढ्यात स्वयंपाकघरातून अनुसयाबाईंचा आवाज आला, "अंकुश, सिलिंडर संपलं रे. जरा बदलून देजो."

आनंदरावांनी पेपर खाली केला. अनुसयाबाई स्वतःच दारात येऊन उभ्या राहिल्या, एक हात तोंडावर, पदर खांद्यावरच. अंकुशरावांनी बाळ आनंदरावांच्या मांडीवर दिलं आणि "आलो मामी" म्हणत ते जवळजवळ धावतच आत गेले.

कधी पिपरीला आलात तर मागच्या दाराने या. बसायला माझा ओटा आहेच. पण पाहुणा म्हणून तुमच्याभोवती कोणी फिरेल अशी आशा धरू नका. आमच्याकडे आता आल्या माणसाला काम सांगतात.